पुलेशु, जिलबी, प्रकाटाआ, हेमाशेपो: कुणी अर्थ सांगेल का?

खारघरवाली:

नमस्कार. बँकेतून निवृत्त झाले, वेळ मिळाला, म्हणून इथे, या मराठी वेबसाइटवर लिहायला लागले. नेरूळच्या डीपीएस तलावावर येणाऱ्या रोहित पक्ष्यांवर (फ्लेमिंगो हो!) फोटोंसकट एक लेख टाकला होता. प्रतिसाद धो धो आले. चहा घेऊन कौतुकाने वाचायला बसले, तर निम्मे कळेचनात.

पहिल्याच बाईंनी लिहिलं, "मस्त. पुलेशु." खाली एका गृहस्थांचा एका शब्दाचा प्रतिसाद, "जिलबी." तिसरे म्हणाले, "पॉपकॉर्न घेऊन बसलोय." पक्ष्यांना खायला घालू नये असं मी लेखातच लिहिलं होतं. मग कुणीतरी विचारलं, "रच्याकने, खारघर रायगड जिल्ह्यात येतं, मग ताई नवी मुंबईकर कशा?" त्यानंतर दोन दिवस पक्ष्यांचं नाव कुणी काढलं नाही. मध्येच एकाने "हेमाशेपो" लिहिलं आणि पुढे त्याच नावाने आणखी चार प्रतिसाद आहेत. एका ठिकाणी नुसतं "प्रकाटाआ", ना आगा ना पिछा. शेवटी तर एकाने माझ्यावरच "हा डू आयडी दिसतोय" असा आरोप केला आहे. हा गुन्हा कितपत गंभीर असतो?

मुलाला विचारलं. तो ऐरोलीला आयटीत आहे. म्हणाला, "आई, ओपी तूच आहेस, तुला माहीत पाहिजे," आणि कॉल आला म्हणून उठून गेला.

बँकेत एनपीए, केवायसी, आरटीजीएस सगळं पचवलं, हेही पचवेन. पण अर्थ सांगताना कृपया आणखी संक्षेप वापरू नका.

ट्रान्सहार्बर:

+१

(अर्थ: मला जे म्हणायचं होतं ते दुसऱ्याने म्हटलं आहे, आणि नसतं म्हटलं तरी मला टंकायचा कंटाळा आहे.)

कोपरीकर:

ताई, मी काही काळ अशाच एका संस्थळावर संपादक होतो. पगार नव्हता, शिव्या वेळेवर मिळायच्या. दिवसा वागळे इस्टेटमध्ये कंपनीचं खरेदी खातं सांभाळायचं आणि रात्री कोपरीत जेवणं आटपल्यावर परक्यांची भांडणं सोडवायची, असं बरंच चाललं. त्या जोरावर सांगतो. या शब्दांचे मुळात दोनच गट आहेत. एक भांडण लावायचे आणि दुसरे भांडण पुढे ढकलायचे. कुठला शब्द कुठल्या गटात आहे एवढं कळलं, की बाकी अर्थ नाही कळला तरी बिघडत नाही. तुमचाच धागा उघडून बसलोय, त्यातूनच दाखवतो.

धागा म्हणजे तुमचा लेख आणि त्याखालची सगळी रणधुमाळी. मायबोली या मराठी संस्थळावरची जुनी मंडळी त्याला 'बाफ' म्हणतात, म्हणजे बातमी फलक. मायबोली सुरू झाली १९९६ च्या गणेश चतुर्थीला. व्हीएसएनएल या सरकारी कंपनीने भारतात लोकांना इंटरनेट दिलं १५ ऑगस्ट १९९५ ला. म्हणजे फोनच्या तारेतून कर्र-कुईं आवाज काढत इंटरनेट घरात आलं, आणि पुढच्या वर्षीच्या भाद्रपदात मराठी माणसाने तिथे वाद घालायला हक्काची जागा केली. आपण उद्योगात मागे आहोत असं कोण म्हणतं?

पुलेशु म्हणजे 'पुढील लेखनास शुभेच्छा'. लेख न वाचता देता येतो हा याचा मोठा गुण. ज्याने खरंच वाचलं आहे तो शुभेच्छा देत नाही, शुद्धलेखनाची चूक काढतो. त्याचाच भाऊ 'पुभाप्र', पुढील भागाच्या प्रतीक्षेत. लेखाखाली तुम्ही स्पष्ट 'समाप्त' लिहिलंय, तरी तिघांनी पुभाप्र दिलाय. मोजून बघा.

जिलबी म्हणजे ज्याची कुणालाही गरज नव्हती असा लेख. तो कायम दुसऱ्याचा असतो. स्वतः पाडलेल्या जिलबीला 'मुक्तक' म्हणतात. तुम्हाला जिलबी म्हणणाऱ्या सद्गृहस्थांचं लेखन चाळून आलो. पावसावर सहा मुक्तकं आहेत.

आता रच्याकने. 'रस्त्याच्या कडेने' याचं आखूड रूप, इंग्रजी 'बाय द वे'ला दिलेली मराठी कोपरखळी. व्यवहारात अर्थ एवढाच, की मी विषय बदलतोय, हिंमत असेल तर अडवा. 'अवांतर' हा त्याचा सभ्य पर्याय. 'अवांतर' असं लिहून लोक जे लिहितात, मुळात तेच लिहायला आलेले असतात. तुमच्या धाग्यातलं अवांतर मात्र दर्जेदार होतं हे मान्य करायला हवं. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत नवी मुंबई महापालिका, जिल्हा ठाणे. खारघर वसवलं सिडकोने, ते नवी मुंबईचाच भाग म्हणून. पण जिल्हा रायगड, आणि २०१६ पासून महापालिका पनवेल. म्हणजे दोन्ही बाजू बरोबर. एक बाजू चुकीची असली की धागा तिशी-चाळिशीत आटपतो. दोन्ही बरोबर असल्या की शंभरी ठरलेली. त्यालाच 'शतकी धागा' म्हणतात. शंभर प्रतिसाद, त्यातले सत्तर दोघांचे, वीस "धागा भरकटतोय" म्हणणाऱ्यांचे, आणि उरलेल्यांत एखादा पक्ष्यांबद्दल.

हा जिल्ह्याचा प्रश्न विचारणाऱ्याने जे केलं त्याला 'काडी टाकणे' म्हणतात. काडी टाकणारा पुढे दिसत नाही. बघा, त्या गृहस्थांचा दुसरा प्रतिसाद अख्ख्या धाग्यात नाही. आणि पॉपकॉर्नवाला म्हणजे ज्याला काडी टाकलेली दिसली आहे, विझवायची नाही, आणि पुढची खुर्ची हवी आहे.

प्रकाटाआ म्हणजे 'प्रतिसाद काढून टाकला आहे'. पुष्कळ ठिकाणी स्वतःचा प्रतिसाद पुसता येत नाही, फक्त बदलता येतो. मग माणूस रात्री तावातावाने लिहितो, सकाळी दात घासताना त्याला जाणीव होते, आणि मजकूर खोडून तिथे हा शब्द ठेवतो. व्हॉट्सॲपने सगळ्यांच्या फोनमधून निरोप पुसायची सोय २०१७ मध्ये दिली. आपली मंडळी त्याच्या कितीतरी आधीपासून हे हाताने करत आहेत. एक गंमत सांगतो, प्रकाटाआ दिसला की मूळ प्रतिसाद काय होता हे विचारायला जेवढे लोक येतात, तेवढे मूळ प्रतिसाद वाचायला कधीच आले नसते.

हेमाशेपो! हे माझं लाडकं. 'हे माझे शेवटचे पोस्ट.' वादात दमलेला माणूस ते लिहितो. तुम्हाला वाटलं असेल की आता तो गप्प बसणार. तसं नसतं. समोरच्याने उत्तर देऊ नये म्हणून केलेली ती विनंती असते, आणि समोरचा ती कधीच पाळत नाही. संपादक असताना माझ्याकडे एक सदस्य होते, शिक्षणाने इंजिनिअर, स्वभावाने वकील. एकाच धाग्यावर, उकडीच्या मोदकाला कुठला तांदूळ चांगला या विषयावर, त्यांनी तीनदा हेमाशेपो लिहिलं. तिसऱ्या वेळी खाली टीप होती, "वरील दोन हेमाशेपो तांत्रिक कारणाने ग्राह्य धरू नयेत." माणूस उत्तम होता. नंतर गडकरी रंगायतनच्या बाहेर भेटला तेव्हा चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत, तांदळाचा विषय मात्र पुन्हा काढला.

तुमच्यावरच्या आरोपाचं आता. डू आयडी म्हणजे डुप्लिकेट आयडी, एकाच माणसाने घेतलेलं दुसरं नाव. तो का घेतात? एक कारण, पहिला आयडी 'उडाला', म्हणजे संपादकांनी हाकलला. दुसरं कारण जास्त मानवी आहे. आपल्या लेखाला कुणी दाद देत नाही, मग आपणच एक रसिक जन्माला घालायचा. असे रसिक ओळखायला मला कधी तंत्रज्ञान लागलं नाही. लेखकही 'आणी' लिहितो आणि रसिकही 'आणी' लिहितो. दोघेही उद्गारचिन्हाच्या आधी जागा सोडतात. लेख रात्री पावणेदोनला पडतो आणि दाद पावणेदोनलाच येते. एकाने तर स्वतःच्या दोन आयडींमध्ये कडाक्याचं भांडण लावलं होतं, निष्पक्ष दिसावं म्हणून. त्यात ज्याने कविता लिहिली होती तो हरला. तुमच्यावर आरोप झाला याचं कारण साधं आहे: नवीन सदस्य असून तुमचं शुद्धलेखन बरं आहे. लोकांना संशय येतोच. मनाला लावून घेऊ नका, उलट पेढे वाटा.

कंपू हा शब्द तुमच्या धाग्यात अजून आला नाही, पण येईल. जे एकमेकांना +१ देतात त्यांचा कंपू असतो. आपण ज्यांना देतो ते समविचारी.

एक गोष्ट तेवढी गंभीरपणे सांगतो. "एवढे फोटो टाकलेत की नेरूळला जायचं भाडं वाचलं," असं एकाने लिहिलंय ना? ते कौतुक आहे की टोमणा, हे मला एवढ्या अनुभवानंतरही सांगता येणार नाही. टंकलेल्या वाक्याला चेहरा नसतो. अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठातही हाच घोळ झाला. तिथल्या संगणकावरच्या फलकावर कुणीतरी लिफ्टमध्ये पारा सांडल्याची थट्टा केली, काहींनी ती खरी धरली. तेव्हा स्कॉट फालमन यांनी १९ सप्टेंबर १९८२ ला सुचवलं, की थट्टा असेल तिथे कोलन, आडवी रेघ आणि कंस टाका, म्हणजे मान वाकडी करून बघितलं की हसरा चेहरा दिसेल. आपल्याकडे त्यासाठी 'ह.घ्या.' म्हणजे हलके घ्या, किंवा 'दिवे घ्या'. पण आपल्या लोकांनी त्याचाही उपयोग शोधून काढला. आधी मनसोक्त अपमान करायचा आणि शेवटी दिवा ठेवायचा. समोरचा चिडला तर त्यालाच विनोद कळत नाही. म्हणून दिवा दिसला की प्रतिसाद उलट, शेवटाकडून वर वाचावा.

आणि गॉडविनचा नियम. माइक गॉडविन या अमेरिकन वकिलाने १९९० मध्ये मांडला, की ऑनलाइन चर्चा जितकी लांबेल तितकी कुणाची तरी तुलना हिटलरशी होण्याची शक्यता एकच्या जवळ जाते. ठाण्याची आवृत्ती मी मांडतो: चर्चा कुठलीही असो, ती लांबली की घोडबंदरच्या ट्रॅफिकवर येते. तुमचा धागा उघडा. विषय पक्षी, ठिकाण नेरूळ, मध्ये आख्खी खाडी. तरीही शेवटून नववा प्रतिसाद वाचा: "पक्षी बरे, उडून येतात. आम्हाला कासारवडवलीहून स्टेशनला यायला..."

उरलेलं नंतर. घरात हाक आली आहे.

ऐरोली_नाइटशिफ्ट:

काकांनी मराठी बाजू सांभाळली, इंग्रजी मी घेतो. (नाही, मी तुमचा मुलगा नाही. असतो तर मीही कॉलच घेतला असता.)

ओपी म्हणजे ओरिजिनल पोस्टर, ज्याने धागा काढला तो. म्हणजे तुम्ही. ओपीला धाग्यात सर्वांत कमी किंमत असते.

टीएलडीआर म्हणजे 'लांब होतं, वाचलं नाही'. आधी हा लेखकाला मारलेला टोमणा होता, आता लेखक स्वतःच शेवटी तीन ओळींत देतो. वरचा प्रतिसाद टीएलडीआर, काका. ह.घ्या.

लर्कर, मराठीत वाचनमात्र. रोज येतात, सगळं वाचतात, एक अक्षर लिहीत नाहीत. याकोब नीलसन यांनी २००६ मध्ये ढोबळ नियम सांगितला होता: शंभरातले नव्वद नुसते वाचतात, नऊ अधूनमधून लिहितात, आणि जवळजवळ सगळं एकटा एक लिहितो. तो एक आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तळमजल्याला राहतो.

कनिंगहॅमचा नियम. विकीची कल्पना ज्यांनी काढली त्या वॉर्ड कनिंगहॅम यांच्या नावाने ओळखला जातो. योग्य उत्तर हवं असेल तर प्रश्न विचारू नका, चुकीचं उत्तर टाका. तुमच्या धाग्यात हा शंभर टक्के खरा ठरला. "पक्षी गुलाबी का असतात?" या तुमच्या प्रश्नाला कुणी उत्तर दिलं नाही. एकाने "फक्त मादी गुलाबी असते" असं ठोकून दिल्यावर सहा जण धावून आले: रंग खाण्यातून येतो, शेवाळ आणि बारीक कोळंबीतल्या रंगद्रव्यांमुळे, नर-मादी दोघांनाही. एकाने तर ठाणे खाडीचं अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं आणि २०२२ मध्ये रामसर या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेलं हेही न विचारता सांगितलं.

ट्रोल सगळ्यांना माहीत आहे, सोडतो.

डोंबिवली_फास्ट_नाही:

धागा वर काढणे राहिलं ना! वर्षानुवर्षं तळाशी पडलेल्या धाग्यावर कुणीतरी नवीन सदस्य "छान माहिती" लिहितो आणि तो सगळ्यांच्या पुढ्यात येतो. मी २०१० मध्ये "सहा महिन्यांच्या बाळाला सर्दी झाली आहे, काय करू?" असं विचारलं होतं. अजून दर पावसाळ्यात कुणीतरी ओव्याची पुरचुंडी सुचवून जातं. बाळ आता कॉलेजला जातं, मिशी आहे त्याला. परवा त्यानेच तो धागा वाचला आणि जेवताना विचारलं, "एकाने ब्रँडी सुचवली होती, ती दिलीस का?"

आणि ॲडमिन! सगळे फुकटात त्याला धरतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं आहे, की एखाद्या सदस्याने व्हॉट्सॲप ग्रुपवर आक्षेपार्ह काही टाकलं तर समान हेतू किंवा आधी ठरवून केलेलं काही नसेल, तर केवळ ॲडमिन आहे म्हणून त्याला जबाबदार धरता येत नाही. मी हा निकाल आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. उत्तर आलं: "ते ठीक आहे, पण टँकरचं काय?" मी ॲडमिन आहे. टँकरशी माझा संबंध नाही.

कोपरीकर:

जेवण झालं. ट्रोल असं सोडून देऊ नका हो. मूळ अर्थ राक्षस नव्हे असं बरेच जाणकार म्हणतात. बोटीमागे गळ सोडून ती हळूहळू पुढे न्यायची, कुठला मासा लागतो बघायचं, त्याला इंग्रजीत ट्रोलिंग म्हणतात. खाडीकाठच्या माणसाला हे लगेच पटावं. म्हणजे ट्रोलला तुमच्या मताशी देणंघेणं नसतं, तुम्ही गळाला लागता की नाही एवढंच त्याला बघायचं असतं. भांडखोर वेगळा, तो आपल्या मताशी प्रामाणिक असतो. माझ्या संपादकपणात मी भांडखोरांना कधी उडवलं नाही. त्यांच्या जिवावर तर संस्थळं चालतात.

आणि ताई, तुम्ही नवीन आहात म्हणून शेवटचं. १९९३ चा सप्टेंबर. तेव्हा यूजनेट नावाची चर्चेची जागा मुख्यतः विद्यापीठांतून चालायची. दर सप्टेंबरला नवे विद्यार्थी यायचे, महिनाभर गोंधळ घालायचे, मग रीतभात शिकून जुन्यांत मिसळायचे. त्यानंतर व्यापारी सेवांनी आपल्या ग्राहकांना सरसकट दार उघडलं, आणि नवखे यायचे थांबलेच नाहीत. जुने लोक म्हणाले, हा सप्टेंबर संपायचाच नाही. आपल्याकडे तो जिओबरोबर आला असं मी धरतो, ५ सप्टेंबर २०१६. महिनाही जुळतो बघा. त्याआधी आमच्याकडे दिवसाला पाच भांडणं असायची आणि सगळी वाचून व्हायची.

पण तेव्हाही जुने लोक असंच म्हणत होते. मी आलो तेव्हा माझ्याकडे बघून.

खोटं_नाव_खरं_मत:

कोपरीकरांनी वर जिलबीचा जो उल्लेख केला तो माझ्यावर आहे हे न कळण्याइतका मी खुळा नाही. पावसावरची मुक्तकं सहा नाहीत, पाच आहेत. सहावं धुक्यावर आहे. शिवाय "खारघर नवी मुंबईत येतं" हे विधान तपासून बघावं. माझ्याकडे सात-बारा आहे. हेमाशेपो.

ट्रान्सहार्बर:

पॉपकॉर्न.

खारघरवाली:

सर्वांचे मनापासून आभार. वही काढून लिहून घेतलं. कोपरीकर, 'भांडण पुढे ढकलायचे' शब्द ही कल्पना फार पटली. आमच्या बँकेत "साहेब जागेवर नाहीत" हे तेच काम करायचं. आमचे साहेब वाशी शाखेत निवृत्तीपर्यंत जागेवर नव्हते.

एक शंका उरली. 'व्यनि' कुणीच सांगितलं नाही. माझ्या धाग्यावर तिघांनी "व्यनि केला आहे" लिहिलंय. मला काहीच मिळालं नाही.

ऐरोली_नाइटशिफ्ट:

व्यक्तिगत निरोप. वर उजव्या कोपऱ्यात लाल ठिपका असेल, तिथे बघा. चारचौघांत जे बोलायची लाज वाटते ते तिथे बोलतात. बहुतेक वेळा ते चारचौघांत बोललेल्यापेक्षा सभ्य असतं, हे मला न सुटलेलं कोडं आहे.

खारघरवाली:

सापडला ठिपका. एकाने नेरूळला भरती-ओहोटीच्या वेळा बघून कधी यावं हे विचारलंय. एकाने बँकेत अडकलेल्या मुदत ठेवीबद्दल विचारलंय. आणि तिसरे जिलबीवाले गृहस्थ आहेत. लिहितात, "तिसरा फोटो फार सुरेख आहे, कॅमेरा कुठला?" मग हे धाग्यावर का नाही लिहिलं?

डोंबिवली_फास्ट_नाही:

कंपू काय म्हणेल!

खोटं_नाव_खरं_मत:

व्यनितला मजकूर जाहीर करणं हे संस्थळाच्या धोरणाविरुद्ध आहे. संपादक मंडळाने दखल घ्यावी. बाकी वर हेमाशेपो लिहिलंच आहे, ते वादापुरतं होतं.

संपादक_मंडळ:

सदस्यांनी मूळ विषयावर राहावे. मूळ विषय काय आहे हे पाहून कळवतो.

सेक्टर_अठ्ठेचाळीस:

अवांतर: सीवूड्सला खिडक्यांना मच्छरजाळी बसवून देणारा कुणी भरवशाचा माणूस माहीत आहे का? पाणथळ जवळ असल्याने संध्याकाळी बसवत नाही. स्लायडिंगवाली हवी.

कोपरीकर:

आहे. ठाण्याहून येतो, पण काम स्वच्छ करतो. व्यनि केला आहे.

ट्रान्सहार्बर:

मलाही हवाय. खिडक्या चार, सानपाडा.

खोटं_नाव_खरं_मत:

मलाही.